सोळा निळे ब्लॉक आणि काकूंचा हात

९ जून

काल मृग लागलं पण पाण्याचा पत्ता नाही. दुपारी कूलरसमोर आठ जणी दाटीवाटीने बसलो आणि एकदाचं ठरलं, यंदाची ग्रुपची गोधडी जपानी नमुन्यांची करायची. मागच्या वर्षी जिने तिने मनाला आले तसे तुकडे आणले होते, गोधडी छानच झाली पण डोळ्याला थांबायला कुठे जागाच नव्हती. म्हणून या वेळेस एकच निळा कपडा, एकच पांढरा दोरा आणि नमुने मात्र वेगवेगळे. साशिको म्हणतात त्या कामाला, शब्दाचा अर्थ बारीक टोचणं, आणि करायचं काय तर धावदोरा. बस. दुसरा टाकाच नाही.

हे ऐकून आमच्या नागपुरातल्या महाल भागातल्या काकू म्हणाल्या, "मंग त्याच्यात शिकाचं काय आहे, हे तर मी फ्रॉक घालत होती तेव्हापासून करून राहिली." काकू ७४ वर्षांच्या आहेत, आमच्यात सगळ्यात जास्त गोधड्या त्यांच्याच हातच्या. मी तेव्हा म्हटलं की काकू, टाका तोच आहे पण पद्धत वेगळी आहे. हे लिहून ठेवते.

हिशोब: आठ जणी, प्रत्येकीचे दोन, म्हणजे १६ ब्लॉक (ब्लॉक म्हणजे गोधडीचा एकेक चौकोन). तयार ब्लॉक १० इंच. कापायचा मात्र साडेअकरा, कारण टाके घालता घालता कपडा आखडतो, आणि सगळं झाल्यावर चारी बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत जाणारी कड) धरून साडेदहाचा छाटायचा. कुणीही आधीच साडेदहाचा कापायचा नाही, हे तीनदा सांगितलं.

१३ जून

वहिनी आणि मी गांधीबागेत, कापडबाजारात. (वहिनी म्हणजे आमच्यातली टेलरिंग करणारी, तिच्याशिवाय कपडा घेत नाही मी.) आधी गडद निळं पॉपलीन पाहिलं, दिसायला एकदम मस्त, स्वस्तही, पण वहिनीने चिमटीत धरून सुई घालून पाहिली आणि ठेवून दिलं. वीण इतकी दाट की जाड दोरा ओढताना प्रत्येक टाक्याला झटका द्यावा लागते. साशिकोला जरा मोकळी वीण पाहिजे. तीन दुकानं फिरून शेवटी निळीत रंगवलेला सुती कपडा मिळाला, हातमागाचा, किंचित खरबरीत, आणि घडी उघडली की तो निळीचा ओलसर मातकट वास येते. मला तो वास फार आवडते.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंच. एका पन्ह्यात साडेअकराचे तीनच बसतात, सोळासाठी सहा ओळी, म्हणजे ६९ इंच, पावणेदोन मीटर. आटणार हे धरून अडीच मीटर घेतला.

येताना ऑटोत वहिनीने विचारलं की जपानमध्येही आपलीच नीळ काय. नाही, झाड वेगळं आहे. आपली नीळ शेंगा येणाऱ्या झाडाची, त्यांची पार दुसऱ्या कुळातल्या झाडाची, दोघांचं नातं काहीच नाही, पण दोन्हीच्या पानांतून शेवटी निघते तो रंग एकच. मला हे जेव्हा कळलं होतं तेव्हा कितीतरी वेळ मी नुसती विचार करत बसली होती.

१४ जून

रंग जाते का याची चाचणी. घरोघरी सांगतात की मिठाच्या पाण्यात भिजवा म्हणजे रंग पक्का होते, माझी आईही तेच करायची. म्हणून तळहाताएवढे दोन तुकडे घेतले, एक रात्रभर मिठाच्या पाण्यात, एक साध्या. सकाळी दोन्ही वाळवले आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने पन्नास पन्नास वेळा घासले. दोन्ही रुमाल सारखेच निळे. मिठाने काहीच फरक पडला नाही. निळीचं असं आहे की ती पाण्यात विरघळत नाही, धाग्यावर थर होऊन बसते, आणि जो वरवरचा थर नीट बसलेला नसते तो घासला की निघते. त्याला उपाय एकच, तो मोकळा रंग आधीच धुवून काढायचा. थंड पाण्यात तीन वेळा खळबळून काढला, तिसऱ्या पाण्याला जवळपास स्वच्छ आला. सावलीत वाळवला.

हे न करता कुणी पांढऱ्या दोऱ्याचं काम केलं असतं तर पहिल्याच धुण्यात दोरे आभाळी झाले असते.

मीटरमागे दीड इंच आटला. बरं झालं अडीच घेतला होता.

२३ जून

आखणीचा दिवस. पेन्सिल निळ्यावर दिसत नाही. एका पोरीने (कॉलेजच्या दोघी बहिणी आहेत आमच्यात) इस्त्रीने उडणारा पेन आणला होता, तो उडाला खरा पण गडद कपड्यावर पांढुरकी सावली मागे राहिली, म्हणून बाद. शेवटी वहिनीची साबणाची चिपटी. आंघोळीच्या साबणाचा झिजून पातळ झालेला तुकडा, धार पातळ ठेवली की रेष बारीक येते आणि धुतला की काही उरत नाही. यापेक्षा चांगलं मला अजून काही सापडलेलं नाही.

आसानोहा वहिनीने आधीच मागून घेतला होता. आसानोहा म्हणजे अंबाडीसारख्या त्यांच्या एका वाखाच्या झाडाचं पान. ते झाड सरळ आणि भराभर वाढते म्हणून जपानमध्ये लहान बाळांच्या कपड्यांवर हा नमुना घालत आले, लेकरूही तसंच वाढावं म्हणून. वहिनीची लेक डिसेंबरमध्ये बाळंत होणार आहे, तर उरलेल्या कपड्यातून बाळंतविड्यासाठी पण हाच नमुना करणार आहे ती.

तो आखायला शाळेतल्या बाई बसल्या, तीस वर्षं गणित शिकवलेल्या. आधी सगळीकडे सारख्या त्रिकोणांची जाळी काढायची, मग प्रत्येक त्रिकोणाच्या मधोमध एक ठिपका आणि तो ठिपका तिन्ही कोपऱ्यांना जोडायचा. इतकंच. एवढ्यानेच सहा पाकळ्यांची फुलं आपोआप उठतात. अडचण अशी की दोन इंची त्रिकोणाची उंची येते पावणेदोनला थोडी कमी, १० इंच रुंदीत पाच त्रिकोण बरोब्बर बसतात पण १० इंच उंचीत ओळी पावणेसहाच्या आसपास बसतात, म्हणजे वर खाली फुलं कापली जाणार. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि प्रत्येक ओळ जराशी दाबून सहा ओळी बसवल्या. त्रिकोण मग काटेकोर समभुज राहत नाही हे त्यांना खटकत होतं, ते त्यांनी बोलूनही दाखवलं, पण आखून झाल्यावर दहा फुटांवरून आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि कुणालाच ते कळलं नाही.

बाकीचे नमुने असे वाटले. भंडाऱ्याच्या ताईंना लाटा, सेइगाइहा. बाईंना कासवाच्या पाठीचे षटकोन. मला शिप्पो. कामठीच्या ताईंना उरोको म्हणजे खवले, नुसते त्रिकोण. उरोको पाहताच वहिनी म्हणाली हा तर करवती काठ! आणि खरंच, आपल्या इकडच्या टसरच्या साडीचे करवतीचे दात आणि हे खवले शेजारी ठेवले तर बहिणी दिसतील. बाईंकडे त्यांच्या आईची एक जुनी करवती आहे, तिचा काठ लावायचा का अशी गोष्ट निघाली, मी नको म्हटलं. रेशीम आणि सूत एकसारखे आटत नाहीत, आणि ती साडी अजून नेसण्यासारखी आहे.

काकूंना मी सगळ्यात सोपा दिला, तांदळाचा टाका, चौकडीवर उभे आडवे आखूड टाके. सोपा दिला हे त्यांना कळलं असावं.

७ जुलै

पाऊस धो धो. तरी सहा जणी आल्या.

दोरा पर्ल कॉटन ८ नंबर. क्रोशाचा करकरीत पिळाचा दोरा चालत नाही, आणि सहा पदरी भरतकामाचा फार चमकते, साशिकोचा दोरा सैल पिळाचा आणि बिनचमकीचा असायला पाहिजे. हा त्यातल्या त्यात जवळचा. सुई रफूची, लांब.

आज ज्या गोष्टी सांगितल्या त्या पुन्हा वाचायला लिहून ठेवते. वरचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि खालचा त्याहून थोडा आखूड, तीनाला दोन असं धरा, म्हणजे वर पांढरं जास्त दिसते. सुई जागच्या जागी धरायची आणि कपडाच घड्या घालत सुईवर चढवायचा, चार पाच टाके एकदम, मग दोरा ओढायचा. ओढून झालं की सगळ्यात महत्त्वाचं, डाव्या हाताच्या बोटांनी दोऱ्यावरून कपडा पसरवायचा, निपटायचा, म्हणजे ओढलेला दोरा परत सैल होऊन कपड्यात बसते. कोपऱ्यावर वळताना मागे छोटासा फास मोकळा सोडायचा. आणि आसानोहाच्या फुलाच्या मधोमध जिथे बारा रेषा येतात तिथे एकही टाका टेकवायचा नाही, बाराही टाके जरा अलीकडे थांबवायचे म्हणजे मध्ये निळा ठिपका राहते. नाही तर तिथे दोऱ्याची गाठच दिसते.

काकूंनी दोन ओळी केल्या. टाके असे एकसारखे की मशीनला लाज वाटावी. पण कपडा चुण्या चुण्या. मी म्हटलं काकू, सैल. त्यांनी उसवलं, पुन्हा केलं, पुन्हा चुण्या. मग मी त्यांच्या शेजारी बसून बोटांनी निपटून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सैल दोरा म्हणजे गोधडी फाटली समज. असं नाही शिकवलं मले माह्या मायनं." मी काही बोलली नाही पण मनात आलं की सवय मोडायला वेळ लागणार.

१४ जुलै

आज टाके कमी आणि बोलणं जास्त झालं. कामठीच्या ताईंनी विचारलं की या लोकांनी एवढं कशापायी टोचून ठेवलं, हौस होती का. मी म्हटलं थंडी होती.

जपानच्या उत्तरेला, त्सुगारु म्हणून भाग आहे, तिथे इतकी थंडी की कापूस पिकतच नव्हता. त्यात जुन्या राजवटीत शेतकऱ्यांनी सुती कपडे घालायचे नाहीत असा नियम, त्यांनी वाखाच्या झाडाचाच जाडाभरडा कपडा घालायचा. त्यातून वारा आरपार. मग बायकांनी त्या कपड्याच्या भोकाभोकांतून सुती दोरा भरला, धागे मोजून मोजून, एक तीन पाच असे विषम. त्याला कोगिन म्हणतात. कपडा घालायची बंदी होती, दोऱ्याने भरून भरून त्यांनी अंगावर ऊब आणली. आणि जुनी सुती फडकी तिकडे दक्षिणेकडून जहाजाने जायची, विकत घ्यायची लोकं, चिंधी विकत. एकावर एक ठिगळं लावून तीच घोंगडी पुढच्या पिढीला द्यायचे, त्यालाच बोरो म्हणतात आणि आता ती म्युझियममध्ये काचेमागे असतात.

हे सांगून मी थांबली तेव्हा कुणी बोलत नव्हतं. मग भंडाऱ्याच्या ताई म्हणाल्या, "आपल्याकडे तर वऱ्हाडभर कापूसच कापूस, अन् आपण जुनी लुगडी भांडेवालीला देऊन डब्बे घेतो." आम्हाला चिंध्यांची कमी कधी पडलीच नाही. आपली गोधडी उरलेल्यातून झाली आणि त्यांची नसलेल्यातून. दोन्हीकडे टाका मात्र तोच पडला, कारण एका सुईने एका दोऱ्याने यापेक्षा कमी दोरा लागणारा टाका नाहीच.

काकूंनी ऐकता ऐकता अर्धा ब्लॉक पूर्ण केला. चुण्या होत्याच.

२८ जुलै

शिप्पो. सात रत्नं असा अर्थ, बौद्ध ग्रंथांतली सप्तरत्नं, आणि नमुना म्हणजे एकमेकांवर चढलेले गोल. कंपासने साबणाची चिपटी धरता येत नाही, म्हणून बांगडी. २.६ ची माझ्या हातातच होती, तिने काढून पाहिलं तर चौथा गोल संपला तरी कपडा उरला. मग बाईंनी सांगितलं की बांगडीच्या मापात बिंदूनंतरचा आकडा सोळावा भाग असते, २.६ म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश, आणि आपल्याला पाहिजे अडीच. म्हणजे २.८! काकूंच्या हातात २.८ होती. त्यांनी काढून दिली, आणि १० इंचात चार गोल बरोब्बर.

बरोब्बर म्हणजे जवळपास. बांगडीच्या आतून रेष काढली की चिपटीच्या जाडीएवढा गोल लहान होते, चार गोलांमध्ये ते साचते. म्हणून आधी अडीच इंची चौकोनांची जाळी आखून प्रत्येक चौकोनात बांगडी मधोमध ठेवायची. असे १६ गोल झाले की दुसरे गोल, जिथे चार चौकोन एकमेकांना भेटतात तो कोपरा मधोमध धरून. पाकळ्या तिथे उमटतात. मी किती वेळा केलं असेल पण त्या दुसऱ्या फेरीत पाकळ्या उमटताना दरवेळी तसाच आनंद होते.

आणि टाके गोल गोल नाही घालायचे! प्रत्येक गोल वेगळा शिवला तर सोळाही ठिकाणी दोरा तोडावा लागते. नागमोडी जायचं, एका गोलाचा वरचा अर्धा, मग शेजारच्याचा खालचा अर्धा, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाट. परतीच्या लाटेत उरलेले अर्धे भरतात. आडव्या लाटा झाल्या की उभ्या. एका लाटेला दोरा हातभर लागते, अंदाज घेऊनच ओवा, मध्ये जोड दिला तर मागे जाडी येते.

भंडाऱ्याच्या ताईंच्या लाटा पूर्ण. त्यांनी समुद्र एकदाच पाहिला आहे म्हणे, पण त्यांचा ब्लॉक सगळ्यांत शांत आहे.

११ ऑगस्ट

दोघी पोरींचे घडीचे ब्लॉक. हे साशिको नाही, कपड्याच्या चकतीची घडी घालून चौकोन करायचा, जपानी घडीकाम. वाटीने चार इंची चकत्या कापायच्या, दोन चकत्या पाव इंच माया ठेवून शिवून उलटवायच्या, साडेतीन इंचाची उरते. मध्ये अडीच इंचाचा अस्तराचा चौकोन ठेवून चारी बाजू आत मोडायच्या. अडीचच का, तर साडेतीनच्या गोलात बसणाऱ्या चौकोनाची बाजू अडीच येते. सोळा चौकोन जोडले आणि पोरी ओरडल्याच, कारण मोडलेल्या कडांनी पुन्हा शिप्पोच झाला होता! मला हे माहीत होतं पण मी आधी सांगितलं नव्हतं.

जाड होतात हे ब्लॉक, कडेला ठेवायचे.

१ सप्टेंबर

उद्या पोळा, म्हणून लवकर आटोपलं. छाटणीचा दिवस. १६ ब्लॉक इस्त्री करून टेबलावर, बाईंची काचेची पट्टी. एकेक मोजत गेलो. चौदा बरोबर, साडेदहाचे छाटून झाले. काकूंचे दोन्ही सव्वादहा. चारी बाजूंनी आखडलेले.

शांतता झाली. मी म्हटलं उसवू आणि मी करून देते. हे बोलायला नको होतं मी. काकूंनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाल्या राहू दे, नको लावू माझे, चौदाचीच कर. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यानेच जास्त लागलं. आणि टाके मी जवळून पाहिले तेव्हा आठ जणींमध्ये सगळ्यात सारखे टाके त्यांचेच होते, माझ्याहूनही. मापात कमी होते, कामात नव्हते.

वहिनीने वाट काढली. काहून उसवता, म्हणाली, साडेनऊचे छाटा आणि एक इंची पट्टी चारी बाजूंनी लावा. हिशोब केला, साडेनऊचा शिवल्यावर ९ चा, पट्टी शिवल्यावर दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच, बरोबर १०. पट्टी काकूंच्याच जुन्या फिक्या आभाळी लुगड्याची. लावून पाहिली तर ते दोनच ब्लॉक चौकटीतल्या फोटोसारखे उठून आले.

काकूंना दाखवायचं तर त्या तोवर घरी गेल्या होत्या. फोटो पाठवला. उत्तर नाही.

१५ सप्टेंबर

महालक्ष्म्या, गणपती यांच्या गडबडीत दोन आठवडे गेले. काकू आल्या! काही बोलल्या नाहीत, पिशवीतून गुळाच्या करंज्या काढल्या आणि पट्टी लावलेला ब्लॉक हातात घेऊन मागची बाजू पाहिली. मागची बाजू पाहणं म्हणजे काकूंनी काम मान्य केलं.

आज मांडणी. फरशीवर चार गुणिले चार मांडले, मध्ये दीड इंची पट्ट्या. चांगलं दिसत होतं, पण वहीतल्या चौकडीसारखं. कामठीच्या ताई उभ्या राहून पाहत होत्या, म्हणाल्या भंतेजींच्या चिवरासारखं करू या का.

मला लगेच कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, अखंड कापडाचं नसते, तुकडे जोडून करतात. भगवान बुद्धांनी मगधातली भातशेती पाहून आपल्या आनंद नावाच्या शिष्याला विचारलं की असं चीवर करता येईल का, आणि आनंदाने तसे तुकडे जोडून चीवर केलं, अशी विनयातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली गोष्ट. ताई कामठीला ड्रॅगन पॅलेसच्या जवळच राहतात, जपानच्या मदतीने १९९९ मध्ये झालेलं ते बुद्ध विहार, तिथे त्यांनी जपानी भिक्खूंची चिवरं जवळून पाहिली आहेत. आणि मी वाचलं होतं ते आठवलं, जपानमध्ये चिवराला केसा म्हणतात आणि तेही असंच, उभ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीत लांब आणि आखूड तुकडे आलटून पालटून. मी तीन महिने जपानी नमुने शोधून राहिली आणि ही मांडणी इथून बारा पंधरा किलोमीटरवर होती.

भंडाऱ्याच्या ताई तर बसल्या जागी सरकून पुढे आल्या. "म्हणजे हे ब्लॉक बांध्या, अन् ह्या पट्ट्या धुरे!" बांध्या म्हणजे धानाची खाचरं, धुरे म्हणजे त्यांच्यामधले बांध. त्यांच्या माहेरी धानाचीच शेती. म्हणाल्या बांध्या कधी एका रेषेत नसतात, पाणी जसं उतरते तशा सरकत जातात.

मग असं ठरलं. चार उभ्या ओळी, प्रत्येकीत चार ब्लॉक आणि एक पाच इंची आखूड तुकडा जुन्या साडीचा. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत आखूड तुकडा खाली, दुसऱ्या चौथीत वर. त्यामुळे धुरे एका रेषेत येत नाहीत. उंची: चार ब्लॉकचे ४०, आखूड ५, चार पट्ट्यांचे ६, एकूण ५१. रुंदी: ४० आणि तीन पट्ट्यांचे साडेचार, साडेचव्वेचाळीस. चार इंची काठ लावला की साडेबावन्न बाय ५९. गोधडी तशीही लांबट असली म्हणजे पाय उघडे पडत नाहीत. काकूंचे दोन्ही ब्लॉक मधल्या ओळींत.

२९ सप्टेंबर

वरचा थर जोडून झाला, वहिनीच्या मशीनवर, ती एकटीच बसली दोन दुपारी. ओळ आधी उभी जोडायची, मग ओळी एकमेकींना. घडीचे ब्लॉक जोडताना मशीनची सुई एकदा तुटली.

खालचा थर बाईंची सुती साडी, तिचा पन्हा ४६ म्हणून मध्ये जोड आला. मधल्या थराला मी बाजारातली तयार गादी आणणार होती. काकूंनी पिशवीतून एक चादर काढली, पांढरी, जाड, धुवून धुवून मऊ. त्यांचे सासरे एम्प्रेस मिलमध्ये होते, तिथलं कापड. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू केलेली मिल, त्याच दिवशी इंग्लंडच्या राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून एम्प्रेस नाव. अर्ध्या नागपूरच्या घरांत तिचा कुणी ना कुणी होता. मी म्हटलं काकू, मध्ये घातली की कुणाला दिसणार नाही. त्या म्हणाल्या, "ऊब दिसते काय कोणाले?"

तिन्ही थर फरशीवर ताणून, कडेला पाट ठेवून, कच्चा दोरा घातला, मुठीमुठीवर. गुडघे दुखले सगळ्यांचे.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. कामठीच्या ताई आल्या नाहीत, दीक्षाभूमीला आलेले त्यांचे पाहुणे अजून घरी आहेत.

तीन थरांतून टाके घालायला आज सुरुवात केली आणि आमच्यापैकी कुणालाच जमेना. चार महिने सैल हात ठेवायची इतकी सवय झाली की दोरा तीन थरांत वर लोंबून राहत होता, वरचा थर एकीकडे सरकायचा, चादर दुसरीकडे. मी बोटांनी निपटायला गेली तर दोरा आणखीच सैल. दीड तास झाला, एक ओळ झाली, ती उसवली.

काकू बघत होत्या. मग उठल्या, गोधडीच्या कोपऱ्याशी मांडी घालून बसल्या आणि कडेने सुरू केलं. एक टाका, दोन टाके, चार टाके, आणि ओढ. कपडा किंचित आखडला, तिन्ही थर एकमेकांना धरून बसले, आणि टाक्यांच्या मध्ये बारीक उंचवटे उठले. तीच चुणी जी मी जुलैपासून त्यांना काढायला सांगून राहिली होती. ती चुणी म्हणजेच गोधडीत हवा धरून ठेवणारी जागा. एका थराच्या नमुन्यात दोरा सैल पाहिजे, कारण तिथे दोरा दाखवायचा असते. तीन थरांना बांधायचं असलं की ओढच पाहिजे. टाका एकच, ओढ वेगळी. मी काकूंना एक पद्धत मोडून दुसरी शिकवायला निघाली होती, आणि या गोधडीला दोन्ही लागणार होत्या.

हे मी त्यांना सगळ्यांसमोर म्हटलं, की काकू जुलैमध्ये मी चुकीचं सांगितलं तुम्हाला. त्या म्हणाल्या, "तुझं बी बरोबरच होतं व, ब्लॉकवर." आणि मग मला बाजूला बसवून माझा हात धरून ओढ दाखवली. किती ओढायचं ते सांगता येत नाही. दोरा कपड्यात बुडतो, तिथे थांबायचं, त्याच्या पुढे अर्धा केस पण नाही.

कडेने सुरू, चौकोनात आत आत जायचं. ब्लॉकच्या नमुन्यावरून टाका न्यायचा नाही, धुऱ्या धुऱ्यांनी आणि ब्लॉकच्या आतल्या कडेने.

२७ ऑक्टोबर

सोमवारपासून सगळ्यांच्या घरी फराळाचं सुरू होईल म्हणून आजचाच दिवस. काकू मध्ये, आम्ही चौघी चार कडांना. तीन फेऱ्या पूर्ण झाल्या बाहेरून, आतल्या अजून पाच तरी होतील. काकूंच्या फेरीतला आणि माझ्या फेरीतला फरक हाताने कळते, डोळ्यांनी आता कमी कळते. पोरींचा हात सगळ्यात लवकर बसला, त्यांना मोडायला जुनी सवय नव्हती.

वहिनीच्या एका ब्लॉकवर आसानोहाच्या मधल्या निळ्या ठिपक्यातून चुकून टाका गेला होता तो उसवला. काठाला गोट कोणत्या रंगाचा यावर एकमत नाही, काकू लाल म्हणतात, बाई निळाच म्हणतात. मला लाल आवडेल, पण लाल सूत आधी रुमालावर घासून पाहीन.

दिवाळीनंतर आणायचं: पर्ल कॉटनचे तीन गोळे, सुया, काकूंच्या बांगडीची जोडी. शिप्पो आखताना एक टिचली, त्यांनी सांगितलं नव्हतं, आज हात पाहिला तेव्हा कळलं.